मला ती भाषा येत नाही

लाँड्रीतल्या बायकांच्या जिभेवर तिचं नाव काही बसेना. पहिले काही दिवस त्यांनी ते निरनिराळ्या तऱ्हेनं मोडून पाहिलं, हसल्या, आणि मग नाद सोडला. ती चादरीची घडी अशी घालायची की चारही कोपरे एकावर एक बसायचे, कुठे सूतभरही बाहेर डोकावायचं नाही. म्हणून त्या तिला 'घडी' म्हणायला लागल्या. तिनंही तक्रार केली नाही. आपल्याला कुणी हाक मारतंय, हेच तेव्हा पुष्कळ होतं.

लाँड्री हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या कपड्यांची होती. एक लांबलचक शेड. एका टोकाला धुण्याची मशिनं, मध्ये वाफेचा मोठा रोलर. एका बाजूनं ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक आणि चटका बसेल इतकी गरम बाहेर यायची. मग दोघींनी दोन टोकं धरून घडी घालायची. शेडच्या दुसऱ्या टोकाला एकुलती एक खिडकी आणि खिडकीशी जेवणाचं टेबल. त्या टेबलाशी कोण बसतं आणि कोण बसत नाही, यावर लाँड्रीतलं सगळं राजकारण चालायचं.

घडी लग्न होऊन नवऱ्यामागून इथे आली होती. नवरा गाड्यांना रंग मारायच्या वर्कशॉपात होता. ती ज्या भागातून आली, तिकडच्या लोकांबद्दल इथं फार वाईट बोललं जायचं. चोरटे आहेत, कळकट आहेत, एकाला थारा दिला की मागून अख्खं गाव येतं. पहिल्याच दिवशी टेबलाशी बसलेल्या थोरलीनं, म्हणजे लाँड्रीत सगळ्यांत जुन्या बाईनं, तिला विचारलं, तू कुठली. घडीनं वाटेतल्या एका मोठ्या शहराचं नाव ठोकून दिलं. त्या शहरात तिनं आयुष्यात फक्त एक दुपार काढली होती, तीही गाडी बदलताना स्टेशनातल्या बाकावर. पण त्या शहराला इथं कुणी नावं ठेवत नव्हतं.

तरी टेबलाशी जागा मिळायला वर्षं गेली. ती डबा उघडायची तेव्हा कुणीतरी उठून खिडकी उघडायचं. बोलायचं कुणी काही नाही, फक्त खिडकी उघडायचं. घडीनं घरचा स्वयंपाक बदलला. नवरा चार दिवस कुरकुरला, मग त्यालाही ते अळणी जेवण गोड लागायला लागलं, किंवा लागतंय असं तो म्हणाला. इथली भाषा ती टेबलावरच्या गप्पांतूनच शिकली, उभ्याउभ्या, कान देऊन. आधी शिव्या समजल्या, मग विनोद, आणि सगळ्यांत शेवटी सासवांबद्दलची गाऱ्हाणी. मुलगा झाला तेव्हा त्याला पोरांनी शाळेत हसू नये म्हणून ती त्याच्याशी इथल्याच भाषेत बोलायला लागली. आपली बोली नवरा-बायकोपुरती उरली. पुढे पुढे मुलाला कळू नये असं काही बोलायचं असलं, तरच ती बोली तोंडातून बाहेर निघायची.

गावी तिचा एक भाऊ होता. थोरला, एका पायानं अधू, कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करायचा. आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे तोच. पूर्वी तो लाँड्रीच्या ऑफिसातल्या फोनवर फोन करायचा. मालक हाक मारायचा, घडी जायची, आणि मालकासमोर, दाराशी उभ्या असलेल्या बायकांसमोर तिला एकेका शब्दात उत्तरं द्यावी लागायची. हो. नाही. बरं. भावाला वाटायचं, बहीण रागावली आहे. एकदा तिनं त्याला सांगून टाकलं, इथे फोन करत जाऊ नकोस, मीच करीन. सुरुवातीला तिनं केलेही. मग सणावारी. मग त्याचा नंबर बदलला की हिचा बदलला, कुणास ठाऊक, आणि मध्ये इतकी वर्षं गेली की आता कुठल्या तोंडानं विचारपूस करायची, हा प्रश्न आला. तो सोडवण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं होतं.

टेबलाशी जागा अखेर मिळाली ती अशी. एका दुपारी थोरलीनं पायानं एक खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, "बस गं. उभ्यानं काय जेवतेस घोड्यासारखी." घडी बसली. त्या दिवशी घरी जाऊन तिनं नवऱ्याला ते सांगितलं, आणि सांगता सांगता ती रडली. नवऱ्याला कळेना, खुर्चीत रडण्यासारखं काय आहे.

अशीही काही वर्षं गेली आणि एक नवी बाई कामाला लागली. तिशीची असेल, अंगानं काटक, कामाला वाघ. तिला इथली भाषा अजिबात यायची नाही. सगळ्या तिला नुसतं 'नवी' म्हणायच्या. पहिल्याच दिवशी तिचा हात वाफेच्या नळीला लागला आणि ती एक शब्द ओरडली. तो शब्द घडीनं आईच्या तोंडून ऐकला होता, चुलीशी, फार पूर्वी. तिनं पाठ फिरवली आणि अभ्र्यांचा गठ्ठा उगाच या बाजूचा त्या बाजूला ठेवला.

"काय बडबडते गं ही?" थोरली म्हणाली. "घडी, तुला कळतं का?"

"मला कुठून कळणार?" घडी म्हणाली.

बोलून गेली, आणि मग ते बोलणं निभावणं आलं. पण नवीला फसवणं अवघड होतं. एकदा कपड्यांच्या खोलीत दोघीच होत्या. नवी मागून हळूच आपल्या बोलीत म्हणाली, ताई, बाजूला हो, वरचा गठ्ठा पडतोय. घडी चटकन बाजूला झाली. गठ्ठा काही पडला नाही. नवी गालात हसली. त्यानंतर तिनं कुणाला काही सांगितलं नाही, घडीलाही काही विचारलं नाही. फक्त जवळून जाताना खालच्या आवाजात काहीबाही बोलायची. धाकटीला दात येतायत, रात्रभर रडते. खोलीचं छत गळतंय. नवऱ्याला इथलं पाणी मानवत नाही. उत्तराची वाट बघायची नाही, पुढे निघून जायची. घडी तोंडातून अवाक्षर काढायची नाही, पण दिवसातून दोन-चार वेळा तरी नवीच्या वाटेत येईल असं काम काढून घ्यायची. कधी नवी गप्प असली, तर घडीला तो दिवस अळणी जायचा.

हॉस्पिटलातून काही गाठोडी लाल दोरीनं बांधून यायची. साथीच्या आजारांच्या वॉर्डातले कपडे. ते कडक गरम पाण्याच्या वेगळ्या मशिनात टाकायचे, इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत. एक दिवस थोरलीचा गुडघा दुखत होता, ती वैतागलेली होती. लाल दोरीचं गाठोडं घेऊन नवी समोर आली आणि खुणेनंच विचारलं, कुठे टाकू. थोरलीनं न बघताच हात केला, तिकडे. तो हात साध्या मशिनाकडे होता. नवीनं पुन्हा विचारलं, थोरलीनं पुन्हा तिकडेच हात केला आणि वर हातानंच झटकलं, जा म्हणून. घडी शेजारीच उभी होती. तिनं पाहिलं. तिला वाटलं, सांगावं. मग वाटलं, थोरली सगळ्यांत जुनी, तिला नसेल का माहीत.

हॉस्पिटलातून तक्रार आली. मालक संतापला. त्यानं नवीला ऑफिसात बोलावलं, थोरलीला बोलावलं, आणि शेजारी होती म्हणून घडीला. थोरली म्हणाली, मी हिला नीट दाखवलं होतं, हिला कळलंच नाही, भाषा येत नसेल तर असंच होणार. नवीला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती आपल्या बोलीत बोलायला लागली, भराभर, हातवारे करत. यांनी हात केला, मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिकडेच हात केला. मालक वैतागून म्हणाला, ही काय म्हणते ते कुणी सांगेल का मला?

नवीनं घडीकडे पाहिलं. थोरलीही घडीकडेच बघत होती, पण निराळ्या कारणानं. ती डोळ्यांनीच विनवत होती, पाहिलंस ते बोलू नकोस.

"मला हिची भाषा येत नाही," घडी म्हणाली.

मालकानं विचारलं, पण तू तिथे होतीस ना, काय झालं? घडी म्हणाली, माझं लक्ष नव्हतं, मी घड्या घालत होते.

नवीनं घडीकडे बघत सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तुला सगळं कळतंय, हे यांना सांगायलासुद्धा मला तूच लागणार, ताई."

"आता काय म्हणाली?" मालकानं विचारलं.

"कुणास ठाऊक," घडी म्हणाली. "शिव्या देत असेल."

नवीला त्याच दिवशी काढून टाकलं. ती आपला डबा घेऊन रोलरच्या बाजूनं गेली, कुणाकडे न बघता. दुसऱ्या दिवशी थोरलीनं घडीला आपल्या शेजारची, खिडकीलगतची खुर्ची दिली. कारण काही सांगितलं नाही. तेव्हापासून ती घडीशी फार मायेनं वागायची, घडी आजारी पडली तर फोन करायची, मुलाची चौकशी करायची. घडीला त्या मायेचा कंटाळा यायचा आणि त्या मायेवाचून करमायचंही नाही.

नवीला काढलं त्याच रात्री घडीनं नवऱ्याला काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला, तिची बाजू घेतली असतीस तर दोघी घरी बसला असता. ते खरं होतं की नाही, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. खरं असावं, असं मात्र तिला फार वाटायचं.

मग दिवस पालटले. इथल्या मुली लाँड्रीत यायला तयार होईनात. वाफ, उकाडा, ओझी, कोण करणार. थोरलीचा गुडघा कायमचा गेला आणि ती घरी बसली. एकेक करून जुन्या बायका गेल्या. मालकाला माणसं हवी होती. कामाला कोण तयार आहे म्हटल्यावर त्यानं जिकडून नवी आली होती तिकडच्याच बायका आणल्या. आधी दोघी, मग चौघी, मग अख्खं टेबल त्यांचं झालं. जुन्यांपैकी एकटी घडी उरली. मालकानं तिला सुपरवायझर केलं. म्हणाला, तुझ्यासारखं इथलं काम जाणणारं माणूस हवं यांच्यावर.

आता शेडभर तीच बोली घुमायला लागली. रोलरच्या आवाजावर आवाज चढवून त्या बोलायच्या, भांडायच्या, एकमेकींना चिडवायच्या. आणि घडी मध्ये उभी, चेहरा कोरा. खरं सांगायला पाहिलं तर सांगता आलं असतं. पण पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जड गेलं, आणि महिन्यानंतर तर अशक्यच झालं. तिला कळत नाही, या समजुतीवर त्या तिच्यासमोर काय काय बोलून बसल्या होत्या. त्यांनी तिचं नाव 'भिंत' ठेवलं होतं. भिंत आली. भिंत आज रुसलीय. भिंतीनं केस रंगवलेत, पण पोपडे कशानं झाकणार. हे शेवटचं ज्या बाईनं म्हटलं, तिला सगळ्या बोलघेवडी म्हणायच्या, आणि ते इतकं नेमक्या वेळी आलं की घडीला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यावर नेलं. एकीनं धावत जाऊन पाणी आणलं.

हे ऐकणं तिला बोचायचं आणि तरी हवं असायचं. सुपरवायझरला ऑफिसात बसायची मुभा होती, पण ती दिवसभर शेडमध्ये फिरायची. लहानपणी कानावरून गेलेले, ती पार विसरलेले शब्द कुणाच्या तरी तोंडून अचानक निघायचे. शेळीच्या लहान पिल्लाला काय म्हणतात, उन्हात वाळून टरकन फाटलेल्या कपड्याला काय म्हणतात. घरी जाताना ती ते शब्द मनात घोळवायची. एकदा जेवताना तिनं त्यातला एक नवऱ्यासमोर काढला. तो घास हातात धरून थांबला, आठवलं, आणि म्हणाला, "कशाला उकरतेस?" मुलानं विचारलं, काय म्हणाली आई? काही नाही, असं दोघं एकदमच म्हणाले.

बोलघेवडी एकदा सुट्टी काढून गावी जाऊन आली. दुपारी टेबलाशी सगळ्या तिच्याभोवती जमल्या. कुणाचं लग्न झालं, कुणाची म्हैस मेली, कुणी नवं घर बांधलं. घडी खिडकीपाशी उभी राहून टॉवेल मोजल्यासारखं करत होती. बोलता बोलता बोलघेवडी म्हणाली, आणि नदीकाठचा तो कुलूपवाला गेला. लंगडा. छत्र्यासुद्धा दुरुस्त करायचा. पावसाळ्यातच गेला, छातीत कफ झाला होता. कुणी नव्हतं हो त्याला, शेजाऱ्यांनीच सगळं केलं. एक बहीण होती, ती लांब कुठे गेली ती गेलीच. पण हा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचा, बहीण माझी मोठ्या जागी कामाला आहे, तिला फोनवर बोलायची सवड नसते.

टेबलावर क्षणभर सगळ्या चुकचुकल्या. एकीनं म्हटलं, असली कसली बहीण.

घडीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलता येण्यासारखं होतं तेवढंच तोंडातून आलं. तिनं इथल्या भाषेत विचारलं, काय झालं, सगळ्या अशा का बसल्यात?

बोलघेवडीला आता इथली भाषा तोडकीमोडकी यायची. ती अदबीनं म्हणाली, "काही नाही बाई. आमच्याकडचा एक माणूस गेला. तुमच्या ओळखीचा नाही."

"बरं," घडी म्हणाली. "जेवण झालं की रोलर सुरू करा."

ती कपड्यांच्या खोलीत गेली आणि धुतलेल्या चादरींच्या राशीवर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. ती भावाचा चेहरा आठवायला लागली तर त्याचे हातच आठवत होते, काळ्या तेलाचे, छत्रीची काडी वाकवताना.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आता जाऊन तरी काय करणार. आणि उठून त्यानं स्वतःच चहा केला, जो त्यानं कधी केला नव्हता. तेवढंच त्याला जमण्यासारखं होतं. मुलगा कामावरून आला तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं, मामा गेला. त्यानं विचारलं, कुठला मामा?

दुसऱ्या दिवशी दुपारी घडी आपला डबा घेऊन टेबलाशी गेली. सुपरवायझर झाल्यापासून ती ऑफिसात जेवायची, त्यामुळे सगळ्या जरा सावरून बसल्या. तिनं डबा ठेवला, उघडला नाही. आणि आपल्या बोलीत म्हणाली, "तो कुलूपवाला माझा भाऊ होता."

इतक्या वर्षांनी परक्यांसमोर ते शब्द काढताना जीभ अडखळली, पण उच्चार चुकला नाही. नदीकाठच्या माणसांचा असतो तसाच हेल निघाला. तिला वाटलं होतं, कुणीतरी तिचा हात धरेल. आपल्याकडे कुणाचं गेलं की बायका आधी हात धरतात, मग बोलतात. ती हात टेबलावर ठेवून उभी राहिली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीचा चेहरा उतरला, बहुधा भिंत आणि पोपडे तिला आठवले असावेत. पण बोलघेवडी शरमलेली दिसत नव्हती. ती घडीकडे निरखून बघत होती, जसं आपण एखाद्या ऐकीव माणसाला पहिल्यांदा बघतो.

"म्हणजे ती तूच," ती म्हणाली.

घडीला आधी कळलं नाही. मग बोलघेवडीनंच सांगितलं, फार आवाज न चढवता. नवी माझ्या मावसबहिणीच्या गावची. इथून काढल्यावर वर्षभर ती काम शोधत फिरली, मिळालं नाही, मग सगळं बिऱ्हाड घेऊन गावी परतली. तिथे सगळ्यांना सांगायची, त्या लाँड्रीत एक बाई आहे, तिला आपलं बोलणं शब्दन्‌शब्द कळतं. आम्ही इथे यायला निघालो तेव्हा तिनं बजावून सांगितलं होतं, तिच्यापासून जपून राहा. नाव काही तिला आठवेना, म्हणून आम्ही आल्यावर शोधत होतो, कोण असेल. मग वाटलं, जुन्या सगळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर तीही गेली असेल.

"तुझ्यावर कुणाचा संशयच गेला नाही," बोलघेवडी म्हणाली. "तू फार चांगलं निभावलंस."

घडीनं सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा काय परिस्थिती होती, आपल्या लोकांना इथे काय बोलायचे, एक खुर्ची मिळायला किती वर्षं गेली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपल्याला लहानपणचे शब्द येतात, पण हे सांगायला लागणारे शब्द आपल्या बोलीत येत नाहीत. ते ती शिकलीच नव्हती. मध्ये मध्ये इथल्या भाषेतले शब्द यायला लागले. मग बोलघेवडीनं डब्याचं झाकण लावलं, उठली, आणि इथल्या तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाली, "बाई, रोलर सुरू करायची वेळ झाली."

त्या दिवसापासून त्या तिच्याशी इथल्याच भाषेत बोलतात. चुका होतात, शब्द सापडत नाहीत, पण हट्टानं त्याच भाषेत. हो बाई. नाही बाई. झालं बाई. आपसात बोलत असल्या आणि घडी दिसली की बोलणं तिथल्या तिथे थांबतं. ती पुढे गेली की मागे कुजबुज सुरू होते, आणि ती मागे वळली की पुन्हा नुसता रोलरचा आवाज. तिनं एकदोनदा आपल्या बोलीत काहीतरी विचारून पाहिलं. त्यांनी न कळल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. तसं बघणं कसं बघायचं असतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

महिन्याच्या शेवटी मालक शेडमध्ये चक्कर मारायला आला. थोडा वेळ उभा राहून त्यानं काम पाहिलं आणि घडीला म्हणाला, तू काय जादू केलीस गं, हल्ली बायका अजिबात बडबडत नाहीत, काम कसं सरसर होतंय.